बिनपगारी बदली

ताई, नाव छापू नका. मी २७ वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली, जुळे सोलापुरात राहते. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतात. मागच्या वर्षी मार्चमध्ये सासऱ्यांची बायपास झाली, चार लाख अंगावर आले. तेव्हा एप्रिलपासून ह्यांनी बेंगळुरूच्या एका कंपनीत दुसरी नोकरी धरली. तीही घरून, तीही पूर्ण वेळ. दोन्हीकडं वर्षाला अकरा-अकरा लाख. एकीला दुसरीचा पत्ता नाही. एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, दुसरा बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर. दोन्हीकडची रोजची मीटिंग साडेदहालाच. तेव्हा इस्त्रीच्या टेबलाशी मी बसते. कॅमेरा बंद, माइक बंद. ह्यांचं नाव घेतलं की ‘लाइट गेलीय, फोनवरून ऐकतोय’ असं टाइप करायचं. दुपारी हे जरा आडवे झाले की माउस हलवत राहायचं. मी दहावीच्या क्लासला गणित शिकवत होते, ते यासाठी दिवाळीनंतर सोडलं. दवाखान्याचं कर्ज दिवाळीलाच फिटलं. फ्लॅटचं ३८ लाखांचं आहे, आणि आता गाडी बुक केलीय. मागच्या महिन्यात ह्यांनी सांगितलं म्हणून मी ‘काम झालं, टाकलंय’ असं लिहिलं. झालेलं नव्हतं. टीममधली एक मुलगी त्यापायी रात्रभर जागली आणि सकाळी बोलणीही तिनंच खाल्ली. मी सगळं समोर वाचत होते. आता अमेरिकेतल्या कंपनीची तिसरी नोकरी येतेय, रात्रीची. काही बोललं की म्हणतात, ‘कंपन्या तरी कुठं इमानदार आहेत? उद्या नारळ देतील.’ सासरे यंत्रमागावर होते. पोरगा सोळा-सोळा तास राबतो म्हणून कॉलनीभर सांगत फिरतात. हा गुन्हा आहे का? पोलीस येतील का? सासऱ्यांना सांगू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

पोलिसांचं आधी सांगते, म्हणजे आज रात्री डोळा तरी लागेल. खासगी कंपनीत एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या, एवढ्यावरून कुणी बेड्या घालत नाही. कामगारानं एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबू नये असं १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात कलम ६० होतं, पण ते कारखान्याच्या फाटकाआतलं. घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा मामला नेमणूकपत्रावर ठरतो. ‘लेखी परवानगीशिवाय दुसरीकडं नोकरी वा धंदा करणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य आयटीवाल्यांच्या पत्रात बहुधा असतंच. ते मोडलेलं सापडलं की कामावरून काढतात, अनुभवाचं पत्र अडवतात, क्वचित भरपाईची नोटीस धाडतात. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोनं ३०० जणांना घरी बसवलं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करत होते म्हणून. त्यांचे अध्यक्ष रिशद प्रेमजी महिनाभर आधीच म्हणाले होते, की ही सरळसरळ फसवणूक आहे.

दोन गोष्टी मात्र इतक्या हलक्या नाहीत, आणि त्यांचा विचार तुझ्या पत्रात दिसत नाही.

पहिली. बेंगळुरूवाल्यांनी नोकरी देताना आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र, मागितलं असेल. पुण्याची नोकरी तर सुटलेलीच नव्हती. मग ते लेटर आलं कुठून? त्याला विचार. ‘मागितलंच नाही’ म्हणाला तर ठीक, सगळेच काही मागत नाहीत. ‘एकाकडून बनवून घेतलं’ म्हणाला, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा. खोटा कागद हा नेमणूकपत्राच्या पलीकडचा विषय आहे, तिथं गुन्ह्याचीच भाषा सुरू होते.

दुसरी गोष्ट तुझी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं आणि संगणकावर दुसरंच कुणी असल्याचं भासवून फसवणं, यांच्यासाठी २००० च्या आयटी कायद्यात ६६ सी आणि ६६ डी अशी कलमं आहेत. नवऱ्याच्याच सांगण्यावरून बसणाऱ्या बायकोला कुणी ती लावत बसेल, असं मला वाटत नाही. पण उद्या काही फुटलं, कुणा ग्राहकाची माहिती बाहेर गेली, आणि चौकशीत विचारलं की साडेदहाला या लॅपटॉपवर कोण होतं, तर खरं उत्तर काय आहे? तू होतीस.

आता एक जुनी गोष्ट ऐक. मी नोकरीतली २६ वर्षं एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात काढली. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाजवळची एक खिडकी. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा. त्याआधी प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला खिडकीतून आत सरकवायचा आणि मी हजेरीपटावर खूण करायची. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली घ्यायचा. बदलीवाले फाटकाबाहेर उभे असायचे, सगळ्यांचं लक्ष खिडकीकडं. त्यांना रोज काम मिळेलच असं नाही. पण ज्या दिवशी मिळायचं, त्या दिवशी त्यांचं स्वतःचं नाव पटावर चढायचं. पगार त्यांचा, ईएसआय म्हणजे कामगार विमाही त्यांचा.

रिंग फ्रेम या सूत कातायच्या मशीनवर आमच्याकडं एक साइडर, म्हणजे मशीन सांभाळणारा कामगार, होता. सकाळी गिरणीत पहिली पाळी, रात्री अशोक चौकाकडं एका कारखान्यात यंत्रमाग. बहिणीचं लग्न काढलं होतं. रात्रभर जागून उठवेना झालं की स्वतःचा बिल्ला धाकट्या भावाच्या हातात द्यायचा. दोघांची चण एकसारखी, वरून तोंडाला रुमाल बांधलेला. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येता-जाता विचारायचा, ‘काय बे, काय करलालास?’ आणि पोरगं नुसती मान हलवायचं, आवाज ओळखू नये म्हणून. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. थोरला डावखुरा होता, बिल्ला डाव्या हातानं सरकवायचा. याचा हात उजवा. तीन दिवस मी खूण केली आणि बोलले नाही. म्हटलं, लग्नघर आहे, जाऊ दे.

चौथ्या वेळी त्या पोरानं चालू मशीनच्या गिअरजवळ अडकलेला कापूस हातानं ओढला. अनामिकेचं वरचं पेर गेलं.

मग अपघाताचा कागद करायला बसलो. पटावर नाव थोरल्याचं. थोरला घरी गाढ झोपलेला, दहाही बोटं शाबूत. धाकट्याचं नाव कुठंच नाही. पटाप्रमाणं तो त्या दिवशी गिरणीत आलाच नव्हता, मग त्याचं बोट गिरणीत तुटेल कसं? ईएसआयच्या दवाखान्यात त्याला कोण म्हणून न्यायचं? शेवटी वर्गणी काढून खासगी डॉक्टरकडं टाके घातले. थोरल्याची नोकरी गेली. माझ्या चार खुणांबद्दल मला कुणीच काही विचारलं नाही. त्या अजून माझ्याच खात्यावर आहेत.

तुझं पत्र वाचताना मला ते धाकटं पोरगंच दिसत राहिलं. पोरी, तू तुझ्या नवऱ्याची बदली आहेस. फाटकाबाहेरच्या बदलीला निदान नाव होतं, पगार होता. तुला दोन्ही नाही. वर तुझा चालता क्लास गेला, म्हणजे पदरचे घालून तू हे काम करतेयस.

आता त्याच्या बाजूचंही बोलू, कारण तो काही चोर-दरोडेखोर नाही. आणि दोन कामं करणं हे सोलापुरात पाप कधीच नव्हतं. माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची आणि रात्री टॉवेलच्या दशांना गाठी मारायची. आमच्या गल्लीत दिवसा मागावर उभं राहून संध्याकाळी भज्याची गाडी लावणारे होते. अजूनही असतील. पण विडी कारखान्यात आईनं हजार विड्या मोजून दिल्या, तपासणाऱ्यानं वाईट निघालेल्या बाजूला काढल्या, आणि उरलेल्या हिशेबात धरल्या. त्या हजार विड्या तिनं दुसऱ्या कारखान्याला दाखवल्या नाहीत. तुझा नवरा सकाळी साडेदहाचा तोच एक तास पुण्यालाही विकतो आणि बेंगळुरूलाही. तो कमी पडतो म्हणून त्यात तुझा तास मिसळतो. तोही पुरला नाही, तेव्हा टीममधल्या त्या मुलीची अख्खी रात्र घेतली. तिला कुणी विचारलं होतं?

‘कंपन्या तरी कुठं इमानदार आहेत’ हे त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा कित्येक घरांत चूल पेटवताना हात थरथरला असेल. आणि सोलापूरकराला हे शिकवायला टीसीएस कशाला हवी? ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची, त्या एकामागून एक गप्प झालेल्या आपण पाहिल्यात. तुझ्या सासऱ्यांच्या पिढीनं पाहिल्यात. भीती खरी आहे. पण त्या भीतीचा सूड तो कुणावर उगवतोय बघ. कंपनीच्या मालकाला त्या रात्रीची कल्पनासुद्धा नाही. जागली ती एक पगारदार मुलगी. तीही कुणाच्या तरी हप्त्यासाठीच राबत असणार.

शिवाय कारण तरी कुठलं उरलंय? नोकरी धरली दवाखान्याच्या चार लाखांसाठी. ते दिवाळीला फिटले, तूच लिहिलंयस. नोकरी मात्र तिथंच आहे आणि आता तिला गाडी जोडली गेलीय. ३८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं धरलं तर हप्ता ३३ हजारांच्या आसपास येतो. अकरा लाखांच्या पगारात महिना ८५ हजारांच्या आगेमागे हातात पडत असणार. हप्ता जाऊन पन्नासएक हजार उरतात. सोलापुरात चार माणसांचं घर त्यात चालतं, तुझ्या क्लासचे पैसे आले तर सुखानं चालतं. गाडी त्यात बसत नाही, हे खरं. मग गाडीचं बुकिंग रद्द करा, थोडे कापून घेतील, घेऊ देत.

आणि ज्याला तो बावीस लाख म्हणतोय ते बावीस नाहीतच. मी आयुष्यभर पगारपत्रकं केली, मला हा हिशेब दिसल्याशिवाय राहवत नाही. २०२५-२६ साली नव्या करपद्धतीत अकरा लाख पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात १० लाख २५ हजार. १२ लाखांपर्यंत सवलत आहे म्हणून कर शून्य. पुण्याची कंपनी असं धरून छदामही कापत नाही. बेंगळुरूची कंपनीही तेच धरते, कारण तिला वाटतं हा गडी फक्त आपला. पण पॅन एक, माणूस एक, उत्पन्न २२ लाख. वजावट एकदाच मिळते, सवलत मिळतच नाही. २१ लाख २५ हजारांवर कर होतो २ लाख ३१ हजार २५०, वर ४ टक्के उपकराचे ९,२५०. एकूण २ लाख ४० हजार ५००. हे पैसे वर्षभरात चार टप्प्यांत, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत, आगाऊ भरायचे असतात. भरले नसतील तर महिना एक टक्क्यानं व्याज चढतंय. त्यानं भरलेत का विचार. मला शंका आहे. दोन्हीकडून टीडीएस शून्य आला की माणसाला वाटतं, सरकारला काही देणं नाही. दोन्ही कंपन्यांनी त्याच्या पॅनवर पगार कळवलेला असतो आणि तो आयकर खात्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या नोंदपत्रात, एकाखाली एक दिसतो. रिटर्नात एकच फॉर्म १६, म्हणजे कंपनीनं दिलेला पगार-कराचा दाखला, दाखवून बाकीचा लपवायचा विचार असेल तर तो आत्ताच डोक्यातून काढायला सांग. सीएकडं दोन्ही घेऊन जा. सीएला नोकरीच्या नीतीशी देणंघेणं नसतं, तो कुणाला सांगत बसणार नाही.

पीएफचंही तसंच. दोन्ही कंपन्या त्याचा पीएफ कापत असतील, तर तो एकाच यूएएनखाली, म्हणजे माणसाच्या एकाच पीएफ नंबराखाली, जमा होतो. एकदा त्याच्या शेजारी बसून पासबुक उघड. वर एका कंपनीचं नाव, खाली दुसरीचं. पहिलीवर टिचकी मारली, मे महिना, १,८०० रुपये. दुसरीवर टिचकी मारली, तोच मे, पुन्हा १,८००. कमीत कमी हिशेबानं धरलं तरी हे असं. पुढं कधी चांगली नोकरी आली आणि त्यांनी सर्व्हिस हिस्ट्री मागितली, की हे दोन मे महिने शेजारी-शेजारी उभे राहतील. तिथं ‘लाइट गेली होती’ चालत नाही. अमेरिकेत इक्विफॅक्स म्हणून कंपनी आहे, लोकांच्या नोकरी-पगाराच्या नोंदी ठेवणं हा तिचाच धंदा. तिनं २०२२ मध्ये त्याच नोंदी चाळून आपल्याच २४ माणसांना दुसऱ्या नोकरीपायी काढलं. आणि तू दुपारी हातानं माउस हलवतेस ना, त्यासाठी तिकडं यंत्रं मिळतात. २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचं नाटक केलं म्हणून डझनावर लोकांना घालवलं. खिडकी गेली, पितळी बिल्ला गेला, हजेरी घेणारा मात्र कुठं गेलेला नाही.

बरं, करायचं काय.

उद्या साडेदहाला तू त्या टेबलाशी बसायचं नाहीस. पण हे उद्या सव्वादहाला सांगू नकोस, तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत हेडफोन असेल आणि भांडण होईल. आज रात्री जेवणं झाल्यावर, सासू-सासरे झोपायला गेले की सांग. लांबण लावू नकोस. ‘मी इथून पुढं तुमच्या नावानं एक अक्षरही टाइप करणार नाही, माउसला हात लावणार नाही. कुणाला सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.’ एवढंच. ‘नोकरी सोडा’ हे वाक्य तू म्हणूच नकोस. तू बाजूला झालीस की दोन मीटिंगा एका तोंडानं होत नाहीत, हे त्याला चार दिवसांत उमगेल. आजवर ते त्याला कळलं नाही, कारण तू होतीस.

तो चिडेल. ‘घरासाठीच करतोय ना’ म्हणेल. ते खोटं नाही, म्हणून त्यावर वाद घालू नकोस. कागद घे आणि वरचा हप्त्याचा हिशेब त्याच्या हातानं मांडायला लाव. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे असतील.

दोन्हीतली कुठली ठेवायची हे त्याचं त्यानं ठरवावं. काम कुठलं आवडतं, माणसं कुठली बरी, हे त्यालाच ठाऊक. जी सोडायची तिचा रीतसर राजीनामा द्यावा, नोटिशीचा काळ भरावा, लवकर सोडतात का विचारावं, लॅपटॉप परत करावा आणि त्यातली एकही फाइल स्वतःकडं ठेवू नये. एक दिवस फोन बंद करून गायब होणारे असतात, तसलं काही नको. कंपनीपुढं जाऊन छातीठोक कबुली देण्याची मी सक्ती करणार नाही. काही वाचकांना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. पण एच. आर.नं समोर बसवून थेट विचारलं तर खोटं बोलू नये, आणि पुढच्या नोकरीच्या फॉर्मवर तारखा खऱ्या लिहाव्यात. त्या मुलीचं मात्र त्याला काहीतरी करावंच लागेल. ‘ते काम माझं राहिलं होतं, तिची चूक नव्हती’ असं टीमच्या ग्रुपवर लिहायला दोन मिनिटं लागतात. निघून जायच्या आधी ते लिहू दे.

तिसऱ्या नोकरीबद्दल मी काही लिहीत नाही. ज्या माणसाला दुपारी माउस बायकोच्या हातात देऊन आडवं व्हावं लागतं, त्यानं रात्रपाळी घ्यायची का, यावर सल्ला कसला द्यायचा? बाप कशानं बायपासला गेला, एवढं त्याला आठवू दे.

हात शिवशिवतातच असतील, जास्तीचं काम हवंच असेल, तर उघड वाट आहे. विप्रोचं प्रकरण तापलं त्याच सुमारास इन्फोसिसनं आधी दुहेरी नोकरी चालणार नाही अशी तंबी दिली, आणि ऑक्टोबरात साहेबाची परवानगी घेऊन, धंद्याच्या आड न येणारी बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली. स्विगीनं तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तसं धोरणच काढलं होतं. त्याच्या कंपनीत काय नियम आहे ते मेल करून विचारावं. शनिवार-रविवारी इथल्याच एखाद्या टॉवेलवाल्याला मालाचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर करून दिलं, तर पैसेही मिळतील आणि बापाला सांगताही येईल.

सासऱ्यांचं विचारलंस. आपणहून सांगू नकोस. ते त्याचं गुपित आहे आणि बापाला सांगायचं कामही त्याचंच. तुझ्या तोंडून गेलं तर घरात चूक कुणाची यावर भांडण राहणार नाही, चहाडी कुणी केली यावर होईल. राजीनामा गेला की त्यानं वडिलांजवळ बसून सांगावं. मला वाटतं, म्हातारा तुम्हाला वाटतो तेवढा हादरणार नाही. यंत्रमागावर उमर काढलेला माणूस आहे. एका माणसाला किती माग झेपतात, आणि जास्तीचा लावला की कापडात दोष कुठं येतो, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित त्यांना एव्हाना कळलंही असेल. दार लावून बेडरूममध्ये सून रोज साडेदहाला काय करते, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नसेल?

आणि तुझा क्लास. तुझ्या अख्ख्या पत्रात त्यावर एकच वाक्य आहे, तेही जाता-जाता. दहावीला गणित शिकवणारी बाई सोलापुरातल्या क्लासवाल्यांना सहज मिळत नाही. मी माझ्या नातवासाठी शोधून दमलेय. आज संध्याकाळीच त्यांना फोन कर, दुसरी कुणी घेतली असेल तर दुसऱ्या क्लासला कर. वेळ विचारतील तेव्हा संध्याकाळची मागू नकोस. सकाळी दहाची बॅच मिळते का बघ. दहाला फळ्यासमोर उभं राहायचं म्हणजे घरातून साडेनऊला निघावं लागेल, आणि साडेदहाला तू पोरांना वर्गसमीकरण सोडवून दाखवत असशील.